सव्वीस, साडेसत्तावीस की एकोणतीस?

मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णाला ‘रोज थोडी सायकल चालवा’ असे सांगितले, की पुढच्या तपासणीला औषधांच्या आधी त्याचा एक प्रश्न ठरलेला असतो : ‘डॉक्टर, सव्वीसची घेऊ, साडेसत्तावीसची की एकोणतीसची?’ हल्ली शहरात सायकल घ्यायची म्हणजे बहुतेक जण जाड टायरची माउंटन बाईकच घेतात आणि दुकानातली बोलणी चाकाच्या इंचांपासून सुरू होतात. गिऱ्हाइकाची उंची क्वचितच कुणी विचारतो. खरे तर सायकल अंगाला मानवणार की गुडघा धरणार, हे आधी उंची, सांगाड्याचे माप आणि सीटची उंची यांवर ठरते. चाकाचा नंबर त्यानंतर येतो. पण तो निरर्थक नाही, म्हणून जरा खोलात जाऊ.

सव्वीस हा आकडा कुणी प्रयोगशाळेत शोधलेला नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीतली काही तरुण मंडळी १९७०च्या दशकात माउंट टॅमलपायसच्या परिसरातल्या कच्च्या उतारांवरून जुन्यापुराण्या वजनदार सायकली भरधाव सोडत. १९७६ मध्ये त्यांनी ‘रिपॅक’ नावाची शर्यत सुरू केली. उतरताना मागच्या हबमधला ब्रेक इतका तापे, की आतले ग्रीस जळून धूर होई आणि खाली पोहोचल्यावर ते पुन्हा भरावे लागे. म्हणून हे नाव. त्या सायकलींना फुगीर टायर होते ते २६ इंचांचे, श्विन कंपनीने १९३३ मध्ये आणलेले. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास डोंगरासाठी सायकल बांधली तीही याच मापाच्या चाकांवर, कारण तेवढे जाड टायर दुसऱ्या मापात सहज मिळत नव्हते. पुढे तोच आकडा जगभर रूढ झाला.

रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलची मोठी रिम घेऊन तिच्यावर बसणारे जाड टायर १९९९ च्या सुमारास आले आणि एकोणतीसचा जन्म झाला. साडेसत्तावीस त्यानंतर रुजले. तेही मूळचे जुने फ्रेंच माप. कोणते चांगले, यावर सायकलवाल्यांत बरीच भांडणे झाली. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये उंचापुरा यारोस्लाव कुल्हावी एकोणतीसवर होता आणि त्याच्याहून बुटका निनो शुर्टर साडेसत्तावीसवर. कुल्हावीने सुवर्ण जिंकले ते शेवटच्या क्षणी, जेमतेम एका सेकंदाने.

आता मापे पाहू, कारण या आकड्यांत थोडी गंमत आहे. टायर जिथे बसतो तो रिमचा व्यास सव्वीसमध्ये ५५९ मिलिमीटर, साडेसत्तावीसमध्ये ५८४ आणि एकोणतीसमध्ये ६२२ असतो. तिन्हींवर सव्वादोन इंची टायर चढवला, तर पूर्ण चाक अनुक्रमे सुमारे ६७३, ६९८ आणि ७३६ मिलिमीटरचे होते. म्हणजे साडेसत्तावीस नावाने बरोबर मधले असले, तरी प्रत्यक्षात ते सव्वीसच्या जवळचे आहे. सव्वीसवरून त्याच्यावर जायला जादा पैसे मोजताना हे अडीच सेंटिमीटर डोळ्यांसमोर असावेत.

आणि मोठ्या रिमचे नवलच करायचे, तर आपल्या आजोबांची काळी, दांडीची, २८ इंची सायकल आठवा. तिच्या रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर, आजच्या एकोणतीसपेक्षाही मोठा. बिनगिअरच्या त्या सायकलवर दुधाचे कॅन आणि पोती वाहिली गेली. तिच्यावर एकोणतीसचा टायर मात्र चढणार नाही. तसेच, कडेवर ‘२६ × १ ३/८’ छापलेला टायर माउंटन बाईकच्या सव्वीसला बसत नाही. त्याची रिम ५९० मिलिमीटरची. नवा टायर घेताना इंचांवर जाऊ नका. टायरच्या कडेवरचा तीन अंकी आकडा वाचा आणि तो जुन्या टायरवरच्या आकड्याशी जुळवून घ्या.

मोठ्या चाकाचा खरा फायदा खड्ड्यात आणि दगडावर दिसतो. वाटेत सहा सेंटिमीटरचा दगड आला, तर मोठे चाक त्याला कमी चढ्या कोनात भिडते. साध्या यांत्रिकीने हिशेब केला, तर तो ओलांडायला एकोणतीसला सव्वीसपेक्षा साधारण सहा टक्के कमी जोर लागतो. फरक खरा आहे, पण सहा टक्क्यांचाच आहे. त्याच्या बदल्यात रिम, टायर आणि आरे सगळेच लांबतात आणि चाकाचे वजन वाढते. सिग्नल-सिग्नलला थांबून पुन्हा निघणाऱ्याला ते जाणवते, मोकळ्या रस्त्यावर तासभर एका लयीत जाणाऱ्याला फारसे नाही.

गुडघ्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची, आणि दुकानात ती कुणी सांगत नाही. गिअरचे दाते तेच ठेवून सव्वीसच्या जागी एकोणतीसचे चाक आले, की पायडलच्या एका फेऱ्यात सायकल नऊ टक्के जास्त पुढे जाते. म्हणजेच प्रत्येक गिअर तेवढा जड होतो. सपाटीवर हे चालते. घाटात तोच भार गुडघ्याच्या वाटीवर येतो. चाळिशी-पन्नाशीत नव्याने सायकलवर बसणाऱ्याने, त्यातून वजन जास्त असेल तर, एकोणतीस घेताना सर्वांत हलका गिअर खरोखर हलका आहे ना, हे एखाद्या चढावर चालवून पाहावे. मिनिटाला ७० ते ९० फेरे सहज मारता यावेत. दात-ओठ खाऊन जड गिअर दाबण्याने व्यायाम जास्त होतो, ही समजूत गुडघ्याला महागात पडते.

मग उंची. आपल्याकडे पाच फुटांच्या आसपास उंचीच्या स्त्रिया खूप आहेत आणि त्यांना ‘नवीन मॉडेल’ म्हणून सर्रास एकोणतीस दाखवली जाते. लहान सांगाड्यात मोठे चाक कोंबले, की हँडल उंच येते आणि हळू वळताना बुटाचे टोक पुढच्या चाकाला लागू शकते. गर्दीत असे झाले, की तोल जातो, माणूस पसरलेल्या हातावर पडतो आणि मनगटाचे हाड मोडते. काही कंपन्या सर्वांत लहान सांगाड्यांना मुद्दाम साडेसत्तावीसची चाके लावतात, ते याचसाठी. माझा ठोकताळा असा : सव्वापाच फुटांच्या आत सव्वीस किंवा साडेसत्तावीस, साडेपाच फुटांच्या वर एकोणतीस, आणि मधल्यांनी दोन्ही चालवून पाहावे. सायकलच्या दांडीवर दोन्ही बाजूंना पाय टेकून उभे राहिल्यावर दांडी आणि जांघ यांच्यात किमान दोन इंच जागा हवी. ती नसेल तर चाक कितीही आवडो, सायकल परत करा.

सीट लावण्याची युक्ती सोपी आहे. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सर्वांत खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवला, की गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो. सीट खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो आणि फार वर असेल तर मागून. दोन्ही पाय जमिनीला पुरे टेकावेत म्हणून सीट खाली ठेवणारे पुष्कळ आहेत; गुडघा दुखला की दोष चाकाला.

हातांना मुंग्या येणाऱ्यांनी चाक बदलण्यापूर्वी हवा तपासावी. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने जाणारी अल्नर नस हँडलवर दाबली जाते आणि करंगळी व अनामिका बधिर होतात. मधुमेहींच्या नसा आधीच नाजूक असतात, त्यांना हा त्रास लवकर होतो. जाड टायर दगडासारखा टणक फुगवला, तर त्याच्या जाडीचा उपयोगच राहत नाही. साठ-सत्तर किलोच्या माणसाला सव्वादोन इंची टायरमध्ये कच्च्या वाटेसाठी ३० पीएसआयच्या आसपास हवा पुरते, डांबरी रस्त्यावर थोडी जास्त.

मुलांच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. ‘वाढत्या अंगाचा आहे, दोन वर्षे चालेल’ म्हणून आठ वर्षांच्या मुलाला सव्वीस घेऊन देऊ नये. त्याला २० इंची पुरते. आपण दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकलो, हे खरे. पण तेव्हा रस्ते रिकामे होते. मोठी सायकल मुलाला आवरत नाही. हळू वेगातच पुढचे चाक आडवे वळते आणि हँडलचे टोक पोटात घुसते. वरून फक्त गोल लालसर वळ दिसतो, मूल रडून पुन्हा खेळायला जाते. आत यकृत, प्लीहा किंवा स्वादुपिंडाला मार बसलेला असू शकतो आणि पोटदुखी, उलट्या काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी सुरू होतात. हँडलच्या टोकाची रबरी मूठ फाटून लोखंडी नळी उघडी पडली असेल तर ती आजच बदला; दहा मिनिटांचे काम आहे. आणि असे पडल्यानंतर मूल पोट धरून बसले, जेवेना किंवा ओकू लागले, तर घरी लेप लावत न बसता रुग्णालयात आणा. डॉक्टरांना ‘सायकलवरून पडला’ एवढेच सांगू नका. हँडल पोटात लागले, हे आवर्जून सांगा.