माउस कळला, पण वळेना!

बीड जिल्ह्यात आष्टी, पाटोदा, धारूर अशा कोणत्याही गावी तुम्ही राहत असा, मोबाइल तुमच्या ओळखीचा असेलच. त्याच्या पडद्यावर बोट कसे फिरवावे हे तुम्हाला कोणी शिकवावे लागले नाही. पण संगणकाचा माउस प्रथमच हाती घेतला, की पडद्यावरचा बाण भलतीकडेच पळतो! एरवी ही गंमतच वाटेल. परंतु अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी या परीक्षा २०१९ पासून संगणकावर होतात. जेईई मेनमध्ये तर अंकी उत्तरसुद्धा पडद्यावरील आकड्यांवर माउसने क्लिक करून द्यावे लागते. गणित येत असूनही हात अडल्यामुळे वेळ गेला, तर केवढी हळहळ वाटेल! म्हणून माउस काय करतो, ते आधी समजून घेऊ.

मोबाइलवर जेथे बोट टेकते तेथेच काम होते. माउसचे तसे नाही. तो टेबलावर नेमका कोठे आहे, हे संगणकाला मुळीच ठाऊक नसते. तो कोणत्या दिशेने व किती सरकला, एवढेच त्याला कळते.

ते कसे कळते? अमेरिकेतील डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास पहिला माउस बनवला. ती होती एक लाकडी डबी. तिच्या तळाशी एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाके होती. एक चाक आडवी सरक मोजी, दुसरे उभी. सायकलच्या चाकाचे फेरे मोजून आपण अंतर काढतो ना, तसेच हे! पुढे चाकांच्या जागी रबरी आवरणाची गोळी आली. तिच्यावर धूळ बसली, की बाण अडखळत चाले.

आजच्या माउसमध्ये गोळी नसते. त्याच्या पोटात एक दिवा आणि एक चिमुकला कॅमेरा असतो. तो टेबलाच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे टिपतो. एस.टी.च्या खिडकीतून झाडे मागे जाताना दिसली, की आपण पुढे चाललो हे तुम्ही ओळखता. तसेच एका चित्रातील बारीक खुणा पुढच्या चित्रात कोठे गेल्या, यावरून माउस आपली सरक ठरवतो. स्वच्छ काचेवर अशा खुणा दिसत नाहीत. म्हणून तेथे बहुतेक माउस गोंधळतात. खाली साधा कागद घातला, की काम भागते.

आता दोन प्रयोग करा.

१. माउस उचला आणि वीतभर दूर ठेवा. बाण जवळजवळ जागचा हलत नाही. म्हणजे टेबलाची कड आली तरी घाबरायचे कारण नाही. माउस उचलून मध्ये आणा आणि पुन्हा सरकवा.

२. माउसचे तोंड उजवीकडे वळवून धरा आणि हात उजवीकडे न्या. बाण वर जातो! माउसला 'पुढे' म्हणजे त्याच्या तोंडाची दिशा. म्हणून माउस नेहमी सरळ धरावा.

नवशिक्याची आणखी एक चूक म्हणजे हाताकडे पाहणे. नजर बाणावर ठेवा. बाण चुकला की डोळे सांगतात, हात दुरुस्ती करतो. असे अनेकदा झाले, की विचार न करताही हात अचूक वळतो. तुम्ही सायकल शिकलात तीही अशीच. मनगट टेकवा, पकड सैल ठेवा. दोनदा क्लिक करायचे असेल, तर दोन्ही टिचक्या साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत द्या आणि त्या वेळी माउस हलू देऊ नका.

शिक्षकांनीही एक करावे. शाळेत संगणक एकच असला, तरी माउस एकाच हुशार मुलाच्या हाती राहू देऊ नये. प्रत्येकाला आठवड्यातून दहा मिनिटे तरी मिळावीत. कारण माउस पाहून कळतो. वळतो मात्र स्वतःच्याच हाताने!