शपथेआधीचे अकरा आठवडे

अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा राज्याचा कारभारी, फक्त लोकांनी थेट निवडलेला. न्यू जर्सीत मिकी शेरिल ४ नोव्हेंबर २०२५ रोजी निवडून आल्या. शपथविधी झाला २० जानेवारी २०२६ रोजी. मधल्या काळात खातेप्रमुख निवडायचे, प्रत्येक खात्यातली अर्धवट कामं समजून घ्यायची, शपथेपाठोपाठ येणाऱ्या अर्थसंकल्पाची तयारी करायची. हातात अधिकार मात्र काहीच नाही! म्हणून तिथल्या १९६९च्या कायद्यानुसार कचेरीची जागा, कर्मचाऱ्यांचे पगार, प्रवास, छपाई असा खर्च राज्य उचलतं. हे मला अगदी योग्य वाटतं; नाहीतर नवा कारभारी पहिल्या दिवसापासूनच देणगीदारांचा मिंधा. देणग्या घेता येतात, पण त्यांवर मर्यादा आहे आणि हिशेबही जाहीर करावा लागतो.