खेळाआधीची परीक्षा

व्हिडिओ गेम म्हटले की पालकांच्या कपाळावर आठी उमटते. सुटीत घरी आलेला मुलगा मोबाइलमधून मान वर काढत नाही, ही तक्रार आम्ही पालकसभेत दरवर्षी ऐकतो, आणि ती रास्तही आहे. तथापि मुले ज्यात इतकी रमतात, तो खेळ बाजारात येण्यापूर्वी कोणत्या कसोट्यांतून जातो, हे जाणून घेणे शिक्षक या नात्याने आम्हांस अगत्याचे वाटले.

प्रथम बनतो तो कच्चा नमुना. चित्रे ओबडधोबड असली तरी चालतात. खेळात मुळात रस आहे की नाही, एवढेच त्यावरून पाहायचे असते. पुढचा टप्पा अल्फा. आता खेळ बहुधा आरंभापासून अखेरपर्यंत खेळता येतो, पण चित्रे व ध्वनी अपुरे असतात. येथे टेस्टर कामाला लागतात. एकच दार ते शंभर वेळा उघडतात, मुद्दाम चुकीची कळ दाबतात, खेळ मध्येच बंद करून पाहतात. दोष आढळला की तो कोणत्या यंत्रावर, कोणत्या कृतीनंतर आणि किती वेळा घडला, याची नोंद करतात. नोंद वाचून दुसऱ्याला तोच दोष पुन्हा घडवून पाहता आला पाहिजे. इतिहासाच्या अभ्यासकाला साधनांची चिकित्सा करताना जी शिस्त पाळावी लागते, तिचेच हे दुसरे रूप होय.

त्यानंतर येते बीटा. खेळाचे सर्व घटक आता जागेवर असतात. नवे काही घालायचे नाही, केवळ दोष काढायचे. बंद बीटामध्ये निवडक खेळाडूंना आणि खुल्या बीटामध्ये सर्वांना खेळण्याची मुभा मिळते. एक दोष दुरुस्त करताना दुसरा उद्भवू शकतो, म्हणून आधी तपासलेले भागही पुन्हा तपासावे लागतात. शेवटी सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेंडो यांसारख्या यंत्रनिर्मात्यांची स्वतंत्र तपासणी होते. ती पार पडून अंतिम प्रत सिद्ध झाली, की खेळ ‘गोल्ड’ झाला असे म्हणतात.

एवढ्या पायऱ्या खरोखर हव्यातच का? याचे उत्तर इतिहास देतो. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांनी अटारी कंपनीसाठी ‘यार्स रिव्हेंज’ हा खेळ अनेक महिने खपून बनवला. खेळाडूंकडून त्याची कसून चाचणी झाली आणि तो लोकप्रिय ठरला. त्याच वॉरशॉ यांना 1982 साली ‘ई.टी.’ या चित्रपटावरील खेळ नाताळच्या विक्रीसाठी सुमारे पाच आठवड्यांत बनवावा लागला. खेळाडूंकडून चाचणी घेण्यास वेळच उरला नाही. खेळणारे पुनःपुन्हा खड्ड्यांत पडून कंटाळले, असंख्य प्रती पडून राहिल्या. न्यू मेक्सिकोतील आलामोगोर्डो येथे पुरलेल्या काही प्रती 2014 साली उत्खननात सापडल्या. माणूस तोच, यंत्रही तेच. उणीव होती ती वेळेची आणि परीक्षेची.

पायऱ्या केवळ मोजून मात्र भागत नाही. ‘सायबरपंक 2077’ हा खेळ ऑक्टोबर 2020 मध्ये ‘गोल्ड’ जाहीर झाला आणि 10 डिसेंबरला विक्रीस आला. नव्या, महागड्या संगणकांवर तो बऱ्यापैकी चालला. जुन्या यंत्रांवर मात्र अडखळला, बंद पडला. आठवडाभरातच सोनीने तो आपल्या दुकानातून काढून ग्राहकांना पैसे परत देऊ केले. खेळाडूंना आलेल्या अडचणींपैकी बऱ्याचशा आपल्या चाचणीत दिसल्याच नाहीत, असे निर्मात्यांनी पुढे सांगितले.

आमच्या मते यातला बोध हाच, की परीक्षा खेळणाऱ्याच्या बाजूने व्हावी लागते. ज्याच्या हाती सर्वांत जुने यंत्र आहे, त्याची अडचण नोंदीत उतरली पाहिजे. आणि ती नोंद विक्रीची ठरलेली तारीख पुढे ढकलण्याइतकी वजनदार मानली गेली पाहिजे. संगणकक्षेत्रात गेलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी दोष निर्भयपणे नोंदवावा, आणि अधिकारपदी पोचल्यावर दुसऱ्याने नोंदवलेला दोष शांतपणे ऐकून घ्यावा, एवढीच अपेक्षा.