किरणाचं मीटर

भिंगं आखण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी दिसतात त्या रेघा. डावीकडून समांतर येणाऱ्या, भिंगागणिक वाकणाऱ्या, उजवीकडे एका ठिपक्यात गोळा होणाऱ्या. झिमॅक्स घ्या की ऑस्लो, चित्र हेच. रेघा जुळल्या म्हणजे भिंग जमलं, असं नवख्याला वाटतं. मुरलेला माणूस मात्र प्रत्येक किरणाची प्रकाशीय पथलांबी विचारतो. किरण कुठे पोचला, हे रेघ सांगते. तो बाकीच्यांबरोबर पोचला का, हे पथलांबीवरून कळतं. अर्ध्या तरंगलांबीनं मागे राहिलेला किरण प्रतिमेत भर घालण्याऐवजी दुसऱ्याचं तेजही खाऊन टाकतो.

मोजणी रिक्षाच्या मीटरसारखी चालते, फक्त रस्त्यागणिक दर वेगळा. हवेतल्या मिलिमीटरला दर एक, काचेत तिचा अपवर्तनांक. बीके७ या नेहमीच्या काचेचा अपवर्तनांक ५८७.६ नॅनोमीटरच्या पिवळ्या प्रकाशासाठी १.५१६८ आहे. म्हणजे ५ मिलिमीटर काचेची पथलांबी ७.५८४ मिलिमीटर, सुमारे १२,९०० तरंगलांब्या. प्रत्येक पृष्ठभागावर किरण कुठे आदळतो ते शोधायचं, मागच्या बिंदूपासूनचं अंतर अपवर्तनांकानं गुणायचं, बेरजेत टाकायचं. ज्या काचेचा अपवर्तनांक आतल्या आत बदलतो, तिथे किरण वाकडा जातो. मग बारीक पावलं टाकत बेरीज करावी लागते.

अवघड प्रश्न वेगळाच आहे: मीटर कुठे चालू करायचं आणि कुठे बंद? ताऱ्यापासूनचं अंतर मोजण्यात अर्थ नाही, म्हणून सुरुवात सपाट तरंगमुखापासून, म्हणजे सगळे किरण एकाच टप्प्यावर असतात त्या प्रतलापासून होते. शेवट प्रतिमेच्या प्रतलावर केला, तर किरण तिथे वेगवेगळ्या बिंदूंवर पडलेले असतात आणि तुलना फसते. त्यासाठी मुख्य किरण (भिंगाच्या छिद्राच्या मध्यातून जाणारा) जिथे टेकतो तो बिंदू केंद्र धरून, एक्झिट प्युपिलमधून, म्हणजे मागून पाहताना दिसणाऱ्या त्या छिद्राच्या प्रतिमेतून, जाणारा एक काल्पनिक गोल आखतात. निर्दोष भिंगातून निघालेलं तरंगमुख या गोलाला तंतोतंत चिकटतं. सगळ्या किरणांचं मीटर तिथे थांबवायचं आणि मुख्य किरणाशी असलेला फरक पाहायचा. हा फरक पाव तरंगलांबीच्या आत राहिला तर प्रतिमा जवळजवळ निर्दोष, हा लॉर्ड रॅली यांचा १८७९चा अंदाज आजही वापरात आहे. पुण्याच्या आयुका या संस्थेनं भारताच्या आदित्य-एल१ या सौरयानासाठी घडवलेली ‘सूट’ दुर्बीण २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये सूर्य पाहते. तिथे पाव तरंगलांबी म्हणजे जेमतेम ५० ते १०० नॅनोमीटर.

इथे संगणकाचीही परीक्षा असते. वाट १० मीटरची आणि फरक हवा शतांश तरंगलांबीचा, म्हणजे हिरव्या प्रकाशात साडेपाच नॅनोमीटरचा: जवळपास दोन अब्जांत एक. ३२ बिटांची संख्या सातेक अंकांतच दमते. ६४ बिटांची पंधरा अंक सांभाळते. आणखी एक सापळा असा, की काचेच्या कॅटलॉगमधले अपवर्तनांक सहसा हवेच्या तुलनेत दिलेले असतात. अंतराळात जाणाऱ्या यंत्रासाठी हवेचा दाब शून्य करायला विसरलं, तर सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. ते मुकाट्यानं चुकीच्या हवामानाचं उत्तर देतं.

पण आकडेमोड बरोबर असूनही घात होतो. हबल अंतराळ दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसा तपासताना नल करेक्टर नावाचं उपकरण वापरलं. आरसा बरोबर असेल तर परतणाऱ्या सगळ्या किरणांच्या पथलांब्या सारख्या याव्यात, हेच त्याचं काम. त्यातलं एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं. त्या चुकीला जुळवत आरसा अत्यंत काटेकोरपणे घासला गेला आणि कडेला सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट झाला. परावर्तनात किरण तेवढं अंतर जातो आणि येतो, म्हणून पथलांबीतली चूक जवळपास दुप्पट. दुसऱ्या चाचण्यांनी दोष दाखवला होता. पण त्या कमी अचूक समजून बाजूला ठेवल्या गेल्या. हा निर्णय मला भिंगाच्या चुकीपेक्षा जास्त खटकतो.

डिसेंबर १९९३मध्ये अंतराळवीरांनी हबलमध्ये कोस्टार हे उपकरण बसवलं. त्याच्या छोट्या आरशांत तेवढीच चूक उलट दिशेनं मुद्दाम घडवलेली होती.