पाटावरचा कलगी-तुरा

वाचकहो, भांडण म्हटले की आपण तोंड फिरवतो. पण तेच भांडण नियमात बांधा, की ते बघायला गाव लोटते. युरोपात मानापायी दोन माणसे तलवार नाहीतर पिस्तूल घेऊन समोरासमोर उभी राहत. रशियाचा थोर कवी पुश्किन १८३७ साली अशाच द्वंद्वात जखमी होऊन वारला. आपल्या शाहिरांनी याहून शहाणी तऱ्हा काढली. हाती डफ घेतला आणि वार केला तो सवालाचा.

कलगी-तुरा तुम्हांस ठाऊक आहेच. कलगीवाले शक्तीला, म्हणजे प्रकृतीला थोर मानणार. तुरेवाले शिवाला, म्हणजे पुरुषाला. एकाने भेदिक कवनातून कोडे घालायचे, दुसऱ्याने कवनातच ते सोडवून उलटा सवाल टाकायचा. कोकणात शक्ती-तुऱ्याचे सामने आजही रंगतात. आमची वाशी तुळजाभवानीच्या जिल्ह्यातली, तेव्हा इथे सगळे कलगीचेच असणार, असे तुम्ही म्हणाल. पण गंमत अशी की तुरेवाल्याच्या घरीही नवरात्रात घट बसतातच! म्हणजे फडावरची बाजू हे एक घेतलेले सोंग असते. ते मनापासून घ्यायचे आणि सकाळी उतरवून ठेवायचे.

अमेरिकेत १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ निघाला. त्यात मंडळी टेबलाभोवती बसून सोंग घेतात, बोलता बोलता गोष्ट पुढे नेतात आणि अडले की फासे टाकतात. पुढे असे पुष्कळ खेळ निघाले. काही तर दोघांनीच, थोडक्या वेळात खेळायचे. ते वाचून मला आपला फड आठवला, आणि वर्गासाठी मी एक खेळ बसवला.

त्याला लागतो एक पाट, दोन कागद आणि चार चिंचोके, एका बाजूने घासून पांढरे केलेले. दोघांनी मिळून आधी भांडणाचे कारण ठरवावे : विहिरीचे पाणी, जत्रेतला मान, काहीही. मग प्रत्येकाने आपल्या कागदावर लिहावे, मी कोण, माझे म्हणणे काय, आणि हरलो तर माझे काय जाईल. शेवटची ओळ झाकून ठेवायची. एकाने सवाल टाकावा, दुसऱ्याने वीस मोजेपर्यंत सोंगातच जवाब द्यावा. जवाब पटला की नाही, हे सवाल टाकणाऱ्यानेच सांगायचे. पटला, तर जवाब देणाऱ्याला एक गुण. नाही पटला, तर चिंचोके टाकावेत. तीन किंवा चार पांढरे पडले तरच गुण मिळतो. तिसऱ्या फेरीनंतर कागद अदलाबदल करायचे. मघाचा कलगीवाला आता तुरेवाला! झाकलेली ओळ आता वाचायची आणि ती बाजू आणखी तीन फेऱ्या लढवायची. गुण मात्र ज्याचे त्याच्याकडेच राहतात.

शिक्षकबंधूंनो, सगळा जीव या अदलाबदलीत आहे, ती गाळू नका. माझ्या वर्गात दोन चुलतभाऊ होते. घरचा बांधाचा वाद, त्यामुळे एका बाकावर बसत नसत. त्यांनी कारण निवडले विहिरीचे, आणि पहिल्या तीन फेऱ्यांत एकाही जवाबाला एकमेकांना 'पटले' म्हटले नाही. कागद बदलले. थोरल्याने झाकलेली ओळ वाचली : 'हरलो तर आई पाण्याला कुठे जाईल?' तो वीस मोजून झाले तरी गप्प. मग धाकट्याच्या बाजूने असा काही बोलला, की धाकटा हळूच म्हणाला, "पटलं." बांधाचा वाद मिटला म्हणून सांगत नाही, त्यांचे वडील अजून तारखांना जातातच. पोरे मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा पाट मागायला आली.

खरे भांडण जसेच्या तसे खेळायला घेऊ नये, एवढे पथ्य पाळा. ते सोंगाआडूनच येऊ द्यावे. पहिला सवाल वयाने लहान असेल त्याचा. मोठ्याने सुरुवात केली की लहान दबतो. आणि चिंचोके घासायला खडबडीत दगड घ्या बरं का, गुळगुळीत फरशीवर हात दुखतात आणि पांढरे काही निघत नाही.