स्वर आणि संख्या – ९ : देवगिरीचा हिशेबनीस

या आठवड्यात मोझार्टवर लिहायचं कबूल केलं होतं, पण तो पुढे ढकलतो आहे. कारण कोल्हापूरहून आलेलं एक पत्र. अमीर खाँसाहेबांच्या गायकीत ज्याला 'मेरुखंड' म्हणतात, तोच शार्ङ्गदेवाचा 'खंडमेरू' का, असं त्यात विचारलं आहे. हो, मूळ तेच. पण विषय माझ्या इतक्या जिव्हाळ्याचा आहे की दोन ओळींत उत्तर देणं मला जमणार नाही.

शार्ङ्गदेव तेराव्या शतकातला. देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघणाच्या पदरी होता. 'संगीतरत्नाकर'चा कर्ता म्हणून सगळे त्याला ओळखतात. त्याची नोकरी कोणती होती, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. तो श्रीकरणाधिप होता, राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख! याच सिंघणाचा मुख्य ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने चाळीसगावजवळ पाटण इथे मठ काढला. त्या आजोबांच्या 'लीलावती'त अंकपाश नावाचं प्रकरण आहे. शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधं अदलाबदल करून किती रूपं होतील, असा त्यातला प्रश्न. उत्तर ३६,२८,८००. मांडणीचं हे गणित त्या दरबारात घरचंच होतं.

शार्ङ्गदेवाने तेच स्वरांना लावलं. सात स्वर, एकही पुन्हा न घेता, ५०४० तऱ्हांनी मांडता येतात. इथवर कुणीही येईल. पण हिशेबनिसाला नुसती बेरीज पुरत नाही, हवी ती नोंद हवी तेव्हा काढता आली पाहिजे. म्हणून त्याने दोन प्रश्न घातले. क्रमांक दिला तर तान कोणती, हे 'नष्ट'. तान दिली तर क्रमांक कोणता, हे 'उद्दिष्ट'. आणि यादी न लिहिता दोन्ही काढून देणारा कोठा म्हणजे खंडमेरू.

सा रे ग म घ्या. एकूण २४ ताना. त्याच्या क्रमात पहिल्या सहा 'म'वर संपतात, पुढच्या सहा 'ग'वर, मग 'रे'वर, शेवटी 'सा'वर. सतरावी हवी? सतरा तिसऱ्या गटात पडते, म्हणजे शेवटी 'रे'. त्या गटातली ती पाचवी. उरलेल्या सा ग म यांचे दोन-दोनचे गट, त्यांचाही क्रम मागून, म्हणजे म, ग, सा. पाचवी तिसऱ्या गटात, म्हणून 'सा'. राहिले ग म, आणि या गटातली ती पहिलीच, म्हणून ते सरळ क्रमात. सतरावी तान: ग म सा रे. मी पहिल्यांदा हे पेटीवर वाजवून पाहिलं, मग चोवीसच्या चोवीस कागदावर लिहून पडताळलं. ती बरोबर सतराव्याच जागी होती. तो आनंद अजून ओसरलेला नाही.

संगीत आलं की गणित येतंच, असं यावरून मी म्हणणार नाही. मेरुखंड गाणारा मैफलीत क्रमांक मोजत बसत नाही. मुंबईच्या भेंडीबाजार घराण्यात हे क्रम रियाजाने गळ्यावर चढवत, आणि त्यातले कुठले रागाला मानवतात हे कान ठरवतो. ते ठरवायला कुठलाही कोठा उपयोगी पडत नाही. पण एकही क्रम निसटू न देता सगळ्या शक्यता डोक्यात धरण्याची जी ताकद लागते, ती गवय्याची आणि गणितज्ञाची एकच आहे, असं माझं ठाम मत आहे. शार्ङ्गदेव हा माझा पहिला साक्षीदार.

मोझार्ट पुढच्या वेळी नक्की. तोवर भूपाचे पाच स्वर घ्या: सा रे ग प ध. ताना १२०. सत्त्याहत्तरावी कोणती, ते यादी न करता काढा, आणि गाऊन पाहा. उत्तर पुढच्या हप्त्यात देतो.