चौदा गुणस्थाने: समज, गैरसमज आणि वस्तुस्थिती

जैन पाठशाळांच्या भिंतीवर चौदा गुणस्थानांचा तक्ता अनेक ठिकाणी दिसतो. तळाशी मिथ्यात्व, माथ्यावर अयोगकेवली आणि मधे एकावर एक बारा पायऱ्या. पाठांतराला तो सोयीचा आहे, पण पहिला गैरसमजही त्यातूनच रुजतो. जीव पहिल्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असा क्रमाने चढत मोक्षाला जातो, असे आपण धरून चालतो.

खरे तर दुसऱ्या गुणस्थानावर कोणी चढून जातच नाही. सासादन ही घसरणीची अवस्था आहे. उपशम सम्यक्त्व, म्हणजे मोह तात्पुरता दबून आलेली खरी श्रद्धा, लाभलेला जीव अनंतानुबंधी, म्हणजे सर्वांत तीव्र, कषायाच्या उदयाने खाली येऊ लागतो. सम्यक्त्व सुटलेले असते, मिथ्यात्वाचा उदय मात्र अजून झालेला नसतो. तेवढ्या मधल्या वेळेचे नाव सासादन, आणि हा वेळ जास्तीत जास्त सहा आवली, म्हणजे पापणी लवायच्या आत संपणारा. अनादि काळापासून मिथ्यात्वात असलेला जीव पहिल्यांदा वर येतो तेव्हा दुसरे-तिसरे ओलांडून निदान चौथ्यात पोचतो. मुनींचे सहावे आणि सातवे, प्रमत्त आणि अप्रमत्त, यांत तर सतत ये-जा चालू असते. दोन्हींचा काळ अंतर्मुहूर्त, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांच्याही आतला.

मग ही मोजणी कशाची? दहाव्या शतकातले आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांनी ‘गोम्मटसार’मध्ये याचे उत्तर स्वच्छ दिले आहे. गुणस्थाने ठरतात ती मोह आणि योग यांवरून. योग म्हणजे मन-वचन-कायेच्या निमित्ताने आत्मप्रदेशांत होणारे स्पंदन. पहिल्या बारा गुणस्थानांचा हिशेब मोहनीय कर्माचा, शेवटच्या दोनांचा योगाचा. उपवास किती केले, दीक्षा घेऊन किती वर्षे झाली, हे त्यात कुठेच मोजले जात नाही.

म्हणूनच ‘अमक्या महाराजांचे सहावे गुणस्थान, आपण गृहस्थ म्हणजे पहिलेच’ हे बोलणे शास्त्राला धरून नाही. बाहेरून निर्दोष मुनिचर्या पाळणारा द्रव्यलिंगी साधू आतून मिथ्यात्वात असू शकतो. तो त्या चर्येच्या बळावर नऊ ग्रैवेयकांपर्यंतचा स्वर्ग मिळवतो, पण गुणस्थान पहिलेच राहते. उलट मगधाचा राजा श्रेणिक पाहा. दिगंबर पुराणांनुसार त्याने ध्यानस्थ यशोधर मुनींच्या गळ्यात मेलेला साप टाकला आणि सातव्या नरकाचे आयुष्य बांधले. पुढे महावीरांच्या सान्निध्यात त्याला क्षायिक सम्यक्त्व झाले. हे सम्यक्त्व एकदा आले की जात नाही. पण एकदा बांधलेली नरकगती टळत नाही, आणि नरकायू बांधलेल्याला व्रतेही घेता येत नाहीत. श्रेणिक अखेरपर्यंत अव्रतीच राहिला. सातव्या नरकाचे आयुष्य घटून पहिल्या नरकाची ८४ हजार वर्षे उरली. तिथेही त्याचे गुणस्थान चौथे आहे, आणि पुढच्या चोविशीतला पहिला तीर्थंकर तोच होणार आहे. नरकात चौथे आणि ग्रैवेयकात पहिले, ही गोष्ट एकदा मनात ठसली की वेशावरून गुणस्थान सांगण्याची सवय आपोआप सुटते. व्रती श्रावकाचे पाचवे गुणस्थान तर संज्ञी पंचेंद्रिय पशूलाही मिळू शकते, देवांना नाही.

अकराव्याविषयीचा गैरसमज सर्वांत मोठा आहे. इतक्या वर पोचलेला जीव आता मागे येणार नाही, असे वाटते. पण आठव्यापासून वाटा दोन होतात. उपशमश्रेणीवर मोह दाबला जातो, क्षपकश्रेणीवर तो नष्ट केला जातो. परंपरेने याला पाण्याचा दाखला दिला आहे. गढूळ पाण्यात निवळीचे बी उगाळून टाकले की गाळ तळाशी बसतो आणि वरचे पाणी नितळ दिसते. ते अकरावे, उपशांतमोह. तेच पाणी स्फटिकाच्या भांड्यात काढून घेतले की खाली गाळच उरत नाही. ते बारावे, क्षीणमोह. अकराव्यावरचा जीव अंतर्मुहूर्तात खाली येतोच आणि तो पहिल्यापर्यंतही घसरू शकतो. क्षपक मात्र दहाव्यावरून अकराव्याला न शिवता थेट बाराव्यात जातो.

पण घसरला म्हणजे सगळे मुसळ केरात, असेही नाही. ज्याला एकदा सम्यक्त्वाचा स्पर्श झाला, तो कितीही भरकटला तरी अर्धपुद्गलपरावर्तन काळाच्या आत मोक्षाला जाणारच. हा काळ अतिप्रचंड आहे, पण त्याला शेवट आहे. मला गुणस्थानविचारातली सर्वांत दिलासा देणारी गोष्ट हीच वाटते.

केवलज्ञान म्हणजेच मोक्ष, हाही घोटाळा नेहमीचा. महावीरांना केवलज्ञान झाले ते ऋजुकूला नदीच्या काठी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. निर्वाण पावापुरीला, बहात्तराव्या वर्षी. मधली सुमारे तीस वर्षे तेराव्या गुणस्थानाची. चार घाती कर्मे संपलेली, पण वेदनीय, आयु, नाम आणि गोत्र ही अघाती कर्मे शिल्लक. म्हणून देह आहे, विहार आहे, उपदेश आहे. चौदावे गुणस्थान पाच ऱ्हस्व अक्षरे उच्चारायला लागेल तेवढेच टिकते. सिद्ध त्याच्याही पलीकडे. त्यांना गुणस्थानच नाही.

स्त्रीमुक्तीसारख्या प्रश्नांवर दिगंबर आणि श्वेतांबर यांचे मतभेद आहेत, पण चौदांची ही चौकट दोघांचीही आहे. या पंचमकाळात, म्हणजे सध्याच्या कालखंडात, आपल्या भरतक्षेत्रातून मोक्ष नाही, जंबूस्वामी हे इथून मोक्षाला गेलेले शेवटचे, हेही दोघे मानतात. त्यावरून ‘मग आता काही उपयोग नाही’ असा निष्कर्ष काढणे मात्र साफ चूक आहे. श्रेणी मांडता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. सातव्यापर्यंतची गुणस्थाने आजही खुली आहेत, आणि चौथ्यासाठी दीक्षेचीही अट नाही.

हे सगळे मुळातून वाचायचे असेल तर ते मराठी मुलखातूनच छापून निघाले आहे. मूडबिद्रीच्या ताडपत्रांत शतकानुशतके जपलेल्या षट्खंडागम या आगमग्रंथाचा धवला टीकेसह पहिला खंड डॉ. हीरालाल जैन यांनी १९३९ साली अमरावतीहून हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. त्या खंडाचा विषय सत्प्ररूपणा, आणि तिच्यात चौदा गुणस्थानांचे विवेचन आहे. तक्ता पाठ असलेल्यांनी तो एकदा तरी जरूर वाचावा.